एकट्याने घेतलेलं माप

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होतो.

रविवारची भर दुपार. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा अतिदक्षता कक्ष. काचेच्या पेटीत माझी भाची. शेजारी तिची आई, माझी ताई.

दर रविवारी बाळांची लांबी मोजत. अशी बाळं पाय पोटाशी घेऊन असतात, म्हणून मापाला दोन माणसं लागतात. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं. दुसऱ्याने गुडघे सरळ करून खालची फळी तळव्यांना लावायची.

आमचे डॉक्टर हे एकटेच उरकत. नर्स त्यांना पाठीमागे 'अंदाजपंचे' म्हणत. नाव शोभत होतं. बाळाचं डोकं घसरायचं, साहेब मनाला येईल तो आकडा ठोकायचे, वर स्वतःचीच पाठ थोपटायचे.

"वजन वाढतंय, लांबी वाढतेय. उद्या घरी न्या."

"पण ती दूध ओढत नाही हो," ताई म्हणाली. "अंग सुजल्यासारखं वाटतंय. नीट मोजा ना. घरी काही झालं तर मी काय करू?"

"आता तुम्ही शिकवा मला!"

त्यांनी भाचीला मापाच्या पाटावर निजवलं. ती जिवाच्या आकांताने रडत होती. त्यांनी पाय धरले आणि...

ती गप्प झाली.

पाठोपाठ खोलीतली सगळी बाळं.

डोकं वरच्या फळीला टेकून सरळ राहिलं. कानांवरचं जावळ दाबलं गेलं... दोन्ही बाजूंनी.

"एक्केचाळीस सेंटीमीटर," डॉक्टर पुटपुटले.

मागच्या रविवारी त्यांनीच त्रेचाळीस सांगितले होते. पोर काय उन्हात वाळत घातली होती, आकसायला?

पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच.

"मामा, डोकं एवढं घट्ट धरू नका!" मान वर न करता ते खेकसले.

"मी दाराशी आहे, डॉक्टर."

त्यांनी वर पाहिलं. पाय सोडून भिंतीपर्यंत मागे सरले.

भाचीचे गुडघे... सरळच राहिले.

ताई पुढे झाली. डोक्याखाली हात घातला, थबकली. मग हळूच म्हणाली, "सोडा आता. कळलं आम्हाला."

भाची रडू लागली.

घरी नेणं रद्द झालं. लांबी वाढलीच नव्हती, म्हणून तपासण्या झाल्या; वाढलेलं वजन म्हणजे अंगात साचलेलं पाणी होतं. पोरगी वाचली.

डॉक्टर आजही सांगतात, डोकं मामांनीच धरलं होतं. निगरगट्ट माणूस.

मी ताईला विचारलं, "सोडा कुणाला म्हणालीस?"

"हात लागले रे कुणाचे तरी. ओले होते... नुकतेच धुतलेले."

डॉक्टर हात न धुताच आत आले होते. मी पाहिलं होतं.

मग धुऊन कोण आलं होतं?