गाइमानकर गप्प बसले

नाटक ही वेल्श माणसाच्या आत्म्यात खोल रोवलेली गोष्ट आहे आणि जगातलं कुठलंही वादळ तिला जागची हलवू शकत नाही, असं दिग्दर्शक इद्वाल विमानतळाबाहेर उभा राहून सांगत होता. त्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं दीपगृह उडालं.

दीपगृह नाटकातलं, कापडाचं होतं. वेल्सहून अर्जेंटिनातल्या पातागोनियापर्यंत ते घडी घालून सुखरूप आलं होतं. फाटलंबिटलं नाही ना, हे बघायला नाटकातली एकुलती नटी माब्ली हिने ते जरासं उलगडलं, आणि आमच्या खोऱ्यातल्या वाऱ्याला तेवढंच निमित्त हवं होतं. गाड्यांच्या टपांवरून, तिकीटखिडकीवरून ते थेट कुंपणाकडे निघालं. मागून माब्ली धावत सुटली. ती पोचली तेव्हा कुंपणाशी एक उंच माणूस उभा होता, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दीपगृहात गुंडाळलेला.

"हे तुमचं का?" आतून आवाज आला. चक्क वेल्शमध्ये!

"तुम्ही... तुम्ही वेल्श बोलता?"

"तुम्हीही बरी बोलता की," कापडातून डोकं बाहेर काढत तो म्हणाला. "आमच्या घरात पणजोबा वेल्सच्या जहाजातून इथे उतरल्यापासून बोलतात. तुमच्याकडे कधीपासून?"

माब्लीला हसावं की रागवावं कळेना. त्याचे डोळे मात्र हसत होते — धुळीने लाल झालेले, तरीही.

हा ओस्मार प्यू. पाहुण्यांना न्यायला खोऱ्याने यालाच पाठवलं होतं. सफरचंदाच्या बागा आणि पाटाचं पाणी सांभाळायचा, आणि रविवारी चॅपेलमध्ये उभा राहून सगळ्यांकडून भजनं गाऊन घ्यायचा. हे दुसरं काम इद्वालने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नाटक मंडळी म्हणजे इद्वाल, माब्ली आणि दीपगृह. गोष्ट दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलीची. बाप बुडालेला, बोट येत नाही, दिवा विझतो. जगात एकटी उरलेली ती मुलगी एक भजन गाते. आणि मग शांतता... लांबलचक, अंगावर येणारी शांतता. सगळं नाटक त्या शांततेसाठी होतं. आमच्या गावच्या, गाइमानच्या, जुन्या सभागृहात दोन प्रयोग, आणि दुसऱ्याला बुएनोस आयरेसच्या नाट्यमहोत्सवाच्या बाई येणार होत्या. त्यांना आवडलं तर राजधानीचा रंगमंच. नाही तर इद्वाल मेहुण्याच्या गालिच्यांच्या दुकानात बसणार आणि माब्ली शाळेत नोकरी धरणार, हे ठरलेलं होतं.

पहिल्या प्रयोगाला लोक आले ते स्वतःहून शिस्तीत बसले. उंच आवाजाच्या बायका डावीकडे, खालच्या पट्टीच्या उजवीकडे, खर्जातले बाप्ये मागे. "बघ," इद्वाल गहिवरून म्हणाला, "केवढा जाणकार प्रेक्षक!" आम्ही असे फक्त गायचं असतं तेव्हाच बसतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं आम्हाला वाटलंच नाही.

आणि काय रंगला प्रयोग! घरी, कार्डिफमध्येसुद्धा मागच्या भिंतीवर इंग्रजी भाषांतर दाखवावं लागायचं. लोक आधी भिंतीकडे बघायचे, मग हसायचे. इथे भिंत कोरी होती. माब्लीने अर्ध्या वाक्यात श्वास घेतला की सभागृह तिच्याबरोबर थांबायचं. समुद्राच्या या टोकाला, वाळवंटाच्या कडेला, तिचा शब्द सरळ माणसाच्या कानात जात होता. तिची मान ताठ झाली.

मग दिवा विझला. तिने भजनाची पहिली ओळ म्हटली. एकटीने.

दुसऱ्या ओळीला खर्ज आला. तिसरीला बाकीचे. कडव्याच्या शेवटी पत्र्याचं छप्पर थरथरत होतं, आणि ओस्मार प्यू तिसऱ्या रांगेत उभा राहून दोन्ही हातांनी सगळ्यांकडून गाऊन घेत होता. जगात एकटी उरलेली मुलगी अख्ख्या खोऱ्याच्या साथीने गात होती. शेवटची ओळ आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे पुन्हा घेतली. मग, छान झाली म्हणून, आणखी एकदा.

पडदा पडताच माब्ली मागच्या दाराने बाहेर आली.

"तू उभा राहिलास!"

"हात उठला," ओस्मार म्हणाला. "त्याच्यामागून मी उठलो."

"मी जगात एकटी होते, ओस्मार!"

"हो ना. बघवेना."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आम्ही नाटकवाले आहोत, भजनी मंडळ नाही. सगळ्या जगाला वाटतं, वेल्श माणसाने तोंड उघडलं की गाणंच बाहेर पडणार. आपल्या भाषेत गप्पसुद्धा राहता येतं... तेवढंच मला दाखवायचं होतं."

ओस्मारने मान खाली घातली. पण रागात का होईना, ती 'तू' म्हणाली होती, एवढं त्याने ऐकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या कडेला, पॉप्लरच्या सावलीत, तो तिला माते, म्हणजे इकडचा कडवट हिरवा चहा, पाजत होता. पेल्याच्या जागी एकच वाळकी भोपळी, एकच नळी, आळीपाळीने. तिने एक घोट घेतला, ओठ पोळले, "धन्यवाद" म्हणाली. त्याने किटली उचलून बाजूला ठेवली.

"एवढंच? बराच कंजूष आहेस."

"इथे धन्यवाद म्हटलं की त्याचा अर्थ पुरे."

"मग मी म्हटलंच नाही," माब्लीने भोपळी पुढे केली. बोटाला बोट लागलं. वारा होता, तरी दोघांच्याही कानांना ऊन लागल्यासारखं झालं.

"आमच्या लोकांना गप्प बसवणं..." तो म्हणाला, "आजवर कोणाला जमलेलं नाही. बघतो."

"का बघतोस?"

"तू आज न रागावता 'तू' म्हणते आहेस म्हणून."

रविवारी चॅपेलमध्ये त्याने जाहीर केलं की पुढच्या प्रयोगाला कोणी गायचं नाही. त्याची नेस्टाआत्या ताडकन उठली. "पोर तिथे एकटी गाणार आणि आपण नुसतं टकामका बघायचं? माणुसकी आहे की नाही?"

"आत्या, ते नाटक आहे."

"असेल! सूर तर खरा आहे ना?"

"आत्या... माझ्यासाठी."

नेस्टाआत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्यासाठी. अस्सं," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या प्रयोगाला ओस्मारने दारात उभं राहून सगळ्यांची सरमिसळ केली. कित्येक नवरा-बायको लग्नानंतर पहिल्यांदाच सभागृहात शेजारी बसले. राजधानीच्या बाई पहिल्या रांगेत होत्या, काळ्या कपड्यांत, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता.

दिवा विझला. माब्लीने पहिली ओळ म्हटली. सभागृह एकदम ताठ झालं. दुसरी ओळ. खर्जातल्या म्हाताऱ्यांनी छताकडे डोळे लावले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. नेस्टाआत्याने रुमाल तोंडात कोंबला होता. ओस्मार दोन्ही हातांवर बसला होता, अक्षरशः.

शेवटचा सूर विझला. आणि ती शांतता आली. माब्लीने आजवर अनेक ठिकाणी शांतता ऐकली होती, खोकल्याची, कंटाळ्याची, सभ्यपणाची. ही तशी नव्हती. अख्खं खोरं गात होतं, फक्त आवाज करत नव्हतं. अंधुक उजेडात तिने ओस्मारकडे बघितलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता.

पडदा पडला. "अशी शांतता मी राजधानीतही ऐकली नाही," बाई इद्वालला म्हणाल्या. "महोत्सवाला यायचंच. हा प्रेक्षक घडवलात कसा?"

"परंपरा, बाई," इद्वाल म्हणाला.

तेवढ्यात बाहेर स्फोट झाला. खोरं धावत अंगणात गेलं होतं आणि सगळी कडवी एका दमात गात होतं.

"आणि हे काय?" बाईंनी दचकून विचारलं.

"आतलं तिचं होतं," दारातून नेस्टाआत्या म्हणाली. "हे आमचं."

रिकाम्या सभागृहात तिसऱ्या रांगेच्या बाकावर माब्ली ओस्मारशेजारी येऊन बसली. खिडकीतून संध्याकाळ आणि गाणं दोन्ही येत होतं.

"हात दाखव."

"मुंग्या आल्यात."

तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सोडला नाही.

"माब्ली," तो अडखळला, "मला बोलता येत नाही, मी फक्त लोकांना गायला उठवतो... पण तू जिथे जिथे गाशील तिथे मी येऊन बसेन. जन्मभर. गप्प."

"जन्मभर गप्प नको," ती म्हणाली. "पहिली ओळ माझी... दुसरीपासून तू ये."

बाहेर शेवटची ओळ पुन्हा सुरू झाली. ओस्मार तिच्याकडे झुकला — आणि मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर टकटक केली.

"तुमचं चालू दे हो," नेस्टाआत्या म्हणाली. "फक्त जरासे उठा. माझ्या कोटावर बसलायत."