अजून खरबरीत आहे

१९३४ साली मी चनबसप्पांच्या दुकानात जुनी भांडी पारखायला लागलो. रसायनाची पदवी घेऊन पुण्याहून परतलो होतो आणि गिरणीच्या रंगखात्यात जागा निघायची वाट पाहत होतो. आमच्याच गावातल्या शुक्रवार पेठेतल्या त्या दुकानात मोडीत आलेल्या ढिगात कधी कधी चांगल्या वस्तू निघत. काशाची वाटी, वैद्याची पळी, औषधाचा लहान तराजू. मुंबईचा एक पारशी शौकीन अशा वस्तू हौसेनं घ्यायचा. काय वितळवायचं आणि काय राखायचं, ते मी सांगायचं. चनबसप्पा मला नावानं हाक मारत नसत. ‘‘बीएस्सी, हे बघा,’’ म्हणत.

माघातल्या एका दुपारी कस्तुराबाई आली. चाळिशीची असेल. पदराखालून तिनं एक खल काढला आणि फरशीवर अगदी अलगद ठेवला.

‘‘ह्याचं काय ते सांगा,’’ म्हणाली आणि खोकली.

वीतभर उंचीचा, जाड काठाचा खल. काढा ओतायला एका बाजूला चोच. टिचकी मारली तर नाद बराच वेळ रेंगाळला. पितळेचा तसा रेंगाळत नाही. आधी हवेत तोलला, मग पाण्यात बुडवून तोलला. अस्सल कासं. आतून चोचीच्या डाव्या अंगाला खोल झीज होती.

‘‘वापरणारा डावखुरा होता,’’ मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. ‘‘व्हय. आमचं मालक. कुंडलिक. सांगोल्याकडं झाडपाल्याचं औषध द्यायचे. तुमाला ह्यात हात दिसतो त्येंचा?’’

‘‘आणि बत्ता कुठंय?’’ चनबसप्पा मधेच म्हणाले. ‘‘बत्त्याबिगर खल म्हणजे नवऱ्याबिगर वरात की हो!’’

‘‘बत्ता त्येंच्या हातात दिला,’’ ती म्हणाली. ‘‘मातीत.’’

चनबसप्पा उगीचच तांब्यांची चळत इकडची तिकडे करू लागले.

ती आता केमला भावाकडं राहायला जाणार होती. भावाला हा खल घरात नको होता.

‘‘का?’’

‘‘वाजतो.’’

पारशाचं उत्तर येईपर्यंत खल दुकानात ठेवायचं ठरलं. पेठेत तिची मावसबहीण होती; तिच्याकडं ती उतरली.

दुसऱ्या दिवशी खलाच्या तळाशी काळपट हिरवा चुरा होता. आदल्या दिवशी मी तो स्वतः पुसला होता. वास घेतला. अडुळसा. कुणी चेष्टा करत असेल म्हणून मी खल पुसून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. दुपारी कुलूप काढलं तर चुरा परत होता. काठावर तळवा ठेवला. आत काहीतरी फिरत होतं. दगडावर भोवरा फिरताना जमिनीतून जाणवतं, तसं.

कस्तुराबाई आली. तिला नवल वाटलं नाही.

‘‘माझ्या खोकल्याचं औषध खलत हुते. अर्ध्यातच गेले. सुतक फिटल्यावर भांडी घासायला काढली, तर मी ह्योबी चिंचंनं घासला. त्येंनी केल्यालं सगळं मोरीत गेलं, दादा. आता पुन्ना पयल्यापासनं खलत्यात.’’

मी खलात वाकून पाहिलं.

‘‘चिमटीत धरून बघा की. बोटाच्या रेघांत बसलं, पुसून निघंना, की औषद झालं. मग खलायचं थांबवायचं. मी न्हाय बघनार. तुमी बघा.’’

मी चिमूट चोळली. कण बोटांना टोचले.

‘‘अजून खरबरीत आहे.’’

तिनं श्वास सोडला. मग खलाशेजारी भिंतीला पाठ टेकवून दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. हळू आवाजात त्याला शेळीच्या करडांचं सांगितलं, भावजयीच्या तोंडाळपणाचं सांगितलं. मधेच थांबायची, ऐकायची आणि पुढं बोलायची.

‘‘बीएस्सी,’’ चनबसप्पा माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘तुमच्या पुस्तकात हे आहे काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मलाही दिसत नाही.’’

ती रोज येऊ लागली. केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. रोज मी चिमूट चोळायचो आणि रोज तेच सांगायचो. पण कण बारीक होत चालले होते.

एका दुपारी ते टोचले नाहीत. भुकटी बोटांच्या रेघांत बसली. धोतराला पुसली तरी निघाली नाही.

तळव्याखालचं फिरणं थांबलं होतं.

कस्तुराबाई माझ्या बोटांकडं नव्हे, तोंडाकडं बघत होती.

‘‘झालं व्हय?’’

बाहेर एक टांगा गेला. तिनं खलाचा काठ दोन्ही हातांनी धरला होता.

‘‘अजून खरबरीत आहे,’’ मी मोठ्यानं म्हणालो. ते तिला ऐकू जावं म्हणून नव्हतं.

फिरणं पुन्हा सुरू झालं.

ती पदर तोंडाला लावून हसली. एखाद्या नव्या नवरीसारखी.

त्यानंतर खल हलका होऊ लागला. मी रोज तोलत होतो. भुकटीतला हिरवा रंग गेला, अडुळशाचा वास गेला. तांबूस, चकचकीत पूड उरली. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. थेंब निळा झाला आणि त्याच्या तळाशी कथलाचा पांढरा साका बसला.

त्या दुपारी ती आल्या आल्या मी सांगितलं, ‘‘मावशी, औषध केव्हाच संपलंय. ते आता खलच खलतायत. ही पूड पोटात गेली तर विष आहे.’’

तिनं मान हलवली. समजूत घालावी तशी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती कितीतरी दिवसांत खोकली नव्हती.

‘‘त्येंच्या हातचं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘एकदा वाया घालवलं. आता न्हाय.’’

आणि ती हसली. तिच्या हिरड्यांच्या कडेनं, प्रत्येक दाताच्या मुळाशी, एक बारीक हिरवी रेघ होती.