मंदाकाकूंची अर्धी गोष्ट

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण रचून सांगतोय असं म्हणू नका. ज्या घरात हे घडलं त्या घरात मी जेवलोय, झोपलोय. आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे.

साल २००३. भाईंदर पूर्व, इंद्रलोक. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

अमावस्येची रात्र वगैरे शोधत बसू नका. जे झालं ते शनिवारी झालं, दुपारच्या चहाच्या वेळी, लख्ख उजेडात.

माझी आशामावशी लग्न होऊन रत्नागिरीहून इथे आली. काका सकाळी कामावर जायचे ते रात्रीच उगवायचे. शेजारपाजार सगळा हिंदी-गुजराती बोलणारा, आणि मावशीचं हिंदी म्हणजे आनंदच होता. सुरुवातीला ती गॅलरीत उभी राहून रडायची, असं तीच सांगते. तिला त्यातून बाहेर काढलं ते समोरच्या विंगमधल्या मंदाकाकूंनी.

मंदाकाकू एकट्याच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक पाय जरा ओढत चालायच्या. पण वाचायच्या म्हणजे किती! वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणायच्या आणि दोन दिवसांत फडशा पाडायच्या. शनिवारचं बसणं त्यांनीच सुरू केलं. मावशीच्या हॉलमध्ये बायका जमायच्या, आणि सध्या काय वाचतेय, त्यात काय आवडलं, ते प्रत्येकीने सांगायचं.

खालच्या मजल्यावरच्या हिनाबेन गुजराती पुस्तक हिंदीत सांगायच्या. मावशी दिवाळी अंकातली कथा सांगायची आणि मधेच माणसांची नावं विसरायची. विमलाबाई जुन्या भाईंदरच्या कोळीण, घरोघरी मासळी विकणाऱ्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकायला हमखास हजर. टोपली दाराबाहेर असायची. हिनाबेन नाकाला पदर लावायच्या, पण उठायच्या मात्र नाहीत.

मंदाकाकूंचा नंबर शेवटी. त्यांनी आधी सांगितलं तर बाकीच्यांचं कोण ऐकणार?

त्या घसा खाकरायच्या. पदर कमरेला खोचायच्या. आणि म्हणायच्या, "हं... तर कुठे होतो आपण?"

मग मावशीची सलोनी, दहावीचा अभ्यास टाकून, आतल्या दाराला टेकून उभी राहायची.

त्या दिवसांत एक कादंबरी चालली होती. यमुना नावाची तरीवाल्याची, म्हणजे खाडीपार माणसं नेणाऱ्या होडीवाल्याची बायको. नवरा होडी घेऊन खाडीत गेला तो परत आलाच नाही. यमुना आणि तिची लहान मुलगी, दोघीच घरात. त्या शनिवारी काकूंनी गोष्ट अशी आणून ठेवली, की बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय... यमुना विचारते, कोण आहे... उत्तर नाही... यमुनेने कडीला हात घातला...

"आणि?" सगळ्या एकदम ओरडल्या.

"आणि पुढच्या शनिवारी!" काकू हसत उठल्या.

बुधवारी मंदाकाकू गेल्या. झोपेतच.

दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही, म्हणून कळलं. गावाहून दीर आले. घर माणसांनी भरलं. मावशी त्यांच्या उशाशी बसून होती, दगडासारखी. उचलायची वेळ आली तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. ती वाकली, काकूंच्या कानाशी तोंड नेलं, आणि आपण आपल्या माणसाशी बोलतो तसं बोलून गेली.

"मंदा, अर्ध्यात टाकून कुठे निघालीस गं? यमुनेने कडी काढली की नाही? सांगायला ये. शनिवारी ये."

विमलाबाईंनी तिचा दंड असा धरला की वळ उठले.

"काय बोललीस तू? मेल्या मान्साला ये म्हनाचं न्हाय! फिरव शबूद. आताच्या आता फिरव!"

मावशीने नाही फिरवला. रडणाऱ्या बाईला असल्या वेळी सुचतं का काही? तिला वाटलं, म्हातारीचं खूळ आहे.

तेरावं झालं. पुढचा शनिवार आला.

बायका जमल्या खऱ्या, पण पुस्तकाचं नाव कुणी काढेना. चहा निवला. हिनाबेन डोळे पुसत होत्या. बिल्डिंगमध्ये नेहमीची कटकट चालू होती. खाली पोरांचं क्रिकेट, पाण्याच्या टँकरची घरघर, कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज.

आणि मग...

पोरांचा आवाज थांबला. मिक्सर थांबला. टँकरही.

जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश. एक पाय जरा ओढत... चपला वर आल्या... आणि दारापाशी थांबल्या.

बेल वाजली नाही.

मंदाकाकू बेल कधीच वाजवायच्या नाहीत. त्या कडी हलवायच्या.

कडी हलली.

कुणी उठेना. शेवटी मावशीने जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. विमलाबाईंची टोपली मात्र जराशी बाजूला सरकवलेली होती, येणाऱ्याला वाट हवी म्हणून सरकवावी तशी.

मावशी दार लावून वळली. आणि मागे कुणीतरी घसा खाकरला...

"हं... तर कुठे होतो आपण?"

सलोनी होती.

हॉलच्या मधोमध मांडी घालून बसली होती. अंगात पंजाबी ड्रेस, पण हात कमरेशी पदर खोचल्यासारखा. आवाज तिचाच होता, पण बोलणं तिचं नव्हतं. तो ठेका, मधेच श्वास घेऊन थांबणं, सगळं मंदाकाकूंचं.

"यमुनेने कडी काढली," सलोनी म्हणाली. "दारात नवरा उभा. कपड्यांतून खाडीचं पाणी निथळतंय. यमुना म्हणाली, या."

हिनाबेन "हे भगवान" म्हणत उठल्या आणि घरी गेल्या. पुन्हा कधी शनिवारी आल्या नाहीत.

थोड्या वेळाने सलोनीने मान खाली घातली, वर केली, आणि विचारलं, "आई, सगळ्या अशा का बघताय?" तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मावशीने स्वतःची समजूत घातली. पोरीचा काकूंवर जीव होता, मनावर घेतलंय, ओसरेल. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, दहावीचं टेन्शन असेल.

ओसरलं नाही.

दर शनिवारी कडी हलायची. दर शनिवारी सलोनी, जिथे असेल तिथून, हॉलमध्ये येऊन बसायची. दार बंद ठेवून पाहिलं. तिला बाहेर न्यायचं ठरवून पाहिलं, तर रिक्षात बसल्याबसल्या ती घसा खाकरायला लागली. मावशीने रिक्षा परत फिरवली.

आणि तिचं परत येणं... म्हणजे पुन्हा सलोनी होणं... लांबत चाललं. आधी चहा होईपर्यंत भानावर यायची. मग दिवेलागणीला यायला लागली. मग रविवार उजाडायला लागला. बाकीच्या दिवसांतही पोरगी विझत चालली होती. ताट समोर तसंच राहायचं. हाक मारली तर आधी इकडेतिकडे बघायची, जणू हाक दुसऱ्या कुणाला मारली आहे.

मावशीला एकच भीती खात होती. एखाद्या शनिवारी सलोनी जाईल आणि परत येणारच नाही.

गोष्ट संपली की मंदा जाईल, असं तिच्या मनाने घेतलं. शेवट काय आहे ते कळलं तर आपणच मोठ्याने वाचून दाखवू, संपवून टाकू. ती वाचनालयात गेली. वाचनालय सांभाळणाऱ्या बाबाजींनी कपाटातून पुस्तक काढून दिलं.

"मंदाताईंनी हे गणपतीच्या आधीच परत केलं होतं," ते म्हणाले.

मावशीने तिथेच उभ्या उभ्या शेवटची पानं उलटली. मग आधीची. मग पुन्हा सुरुवातीपासून.

पुस्तकात यमुना होती. मुलगी होती. खाडी होती. नवरा परत येत नव्हता. यमुना घराला कुलूप लावून भावाकडे जाते, आणि पुस्तक संपतं.

दार कुणी वाजवतच नव्हतं.

म्हणजे तिथून पुढचं सगळं काकूंच्या मनचं होतं. ते छापलेलं नव्हतं. कुणी वाचलेलं नव्हतं. आणि ते सलोनीला माहीत होतं.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी सलोनीने पुढचं सांगितलं. नवरा घरात राहिला. जेवत नाही, बोलत नाही, नुसता ओटीवर बसतो. यमुनेला आधी बरं वाटलं, माणूस घरी आला. पण मुलगी रोज थोडी थोडी वाळत चालली...

"का वाळली गं?" मावशीने विचारलं.

सलोनीने तिच्याकडे अगदी मायेने बघितलं.

"अगं आशा, आलेल्या माणसाला जागा नको का?"

पोटच्या पोरीने आईला नावाने हाक मारली.

मावशी अनवाणी खाली पळाली. कोपऱ्यावर विमलाबाई मासळी घेऊन बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोयता खाली ठेवला.

"मी सांगलेलं तुला. आता भटबिट आनून काय उपेग न्हाय. ये कोन बोललं? तू. मंग जा पन तूच बोलाय पायजे. ती दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाय."

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? पण विचार करा. दारात आलेल्या भिकाऱ्यालाही आपण जा म्हणत नाही, पुढे हो म्हणतो. आणि ही तर मंदा. परक्या गावात रडत उभ्या असलेल्या मावशीच्या हातात जिने पहिलं पुस्तक ठेवलं ती. जिला जगात ह्या शनिवारशिवाय दुसरं काही नव्हतं ती. तिला आता जा म्हणायचं?

मावशी सांगते, त्या आठवड्यात ती देवापुढे बसून नुसता तो शब्द म्हणून बघायची. घशातून बाहेर पडायचा नाही.

शनिवार आला. काका घरी थांबले होते. विमलाबाई दारात बसल्या, टोपलीशिवाय.

खालचे आवाज थांबले. चपला वाजल्या. कडी हलली.

"हं... तर कुठे होतो आपण?"

"मंदा," मावशी म्हणाली, "पुरे आता. मला गोष्ट नको."

सलोनीचा चेहरा पडला. लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसा.

"शेवट राहिलाय गं."

"राहू दे. ही माझी पोर आहे, मंदा. माझी एकुलती एक. तू जा."

पंखा फिरत होता. काका भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होते.

"जा," मावशी पुन्हा म्हणाली. आता ती हमसून हमसून रडत होती. "मी हात जोडते. जा."

सलोनीने तिच्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते. मग ती उठली. नसलेला पदर खांद्यावरून नीट घेतला. विमलाबाईंनी अंग चोरून वाट दिली. सलोनी उंबऱ्यापाशी गेली, पायानेच चपला चाचपल्या, आणि निघताना मागे वळली. चांगल्या घरची बाई निरोप घेताना हसते तशी हसली.

"बरं," ती म्हणाली...

"येते हं."

आणि जागच्या जागी कोसळली.

शुद्धीवर आली ती सलोनीच होती. "आई, भूक लागली," हे तिचे पहिले शब्द. मावशीने तिला कुशीत घेतलं. विमलाबाई मात्र दारातून हलल्या नाहीत. जिन्याकडे बघत राहिल्या.

"जाते न्हाय बोलली," त्या हळूच पुटपुटल्या. "येते बोलली."

त्यानंतर कडी हलली नाही. सलोनी दहावी पास झाली, पुढे शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. मावशीच्या घरात एकही पुस्तक नाही, एवढाच काय तो फरक.

गेल्या महिन्यात सलोनीचं डोहाळजेवण झालं. मीही गेलो होतो. हॉल फुलांनी सजवला होता, बायका ओटी भरत होत्या. सलोनीच्या सासूबाईंनी कौतुकाने तिच्या पोटावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "बघू या हं, आमच्याकडे कोण येतंय!"

सगळ्या हसल्या.

मावशीच्या हातातलं ओटीचं ताट खाली पडलं. तांदूळ हॉलभर उडाले. नजर लागू नये म्हणून कुणी काय, कुणी काय बोलत होतं, पण मावशी कुणाचंच ऐकत नव्हती. ती तशीच उभी होती, लेकीच्या पोटाकडे बघत.