उद्या सकाळी अकराचा फोटो

दार ओढून घ्या रे. आणि तू, तो मोबाइल खाली ठेव. गोष्ट फोटोचीच आहे. ज्याची आहे तो माझा रोजचा चहाचा सोबती, फोटोग्राफर. सगळे त्याला फोकस म्हणायचे.

गेल्या डिसेंबरची चौदा तारीख, शनिवार. रात्री साडेदहाला गाळामालकाचा फोन आला. "घरी ये. बायकोचा एक फोटो काढायचाय." फोकसचा स्टुडिओ त्याच्याच गाळ्यात, नाही म्हणायची सोय नव्हती. "आलोच अर्ध्या तासात," असं बायकोला सांगून तो निघाला.

खोलीत ट्यूबलाइट. मालकाची बायको खुर्चीत बसवलेली. होय, बसवलेली. मानेमागे उशी, ओठ काळेनिळे.

"मी पहाटे गावाला चाललोय," मालक म्हणाला. "फोटो उद्या सकाळी अकराचा पाहिजे. उन्हातला. नाहीतर गाळा रिकामा कर."

यात अवघड काय? कॅमेऱ्याचं घड्याळ पुढं ढकललं की फोटोच्या पोटात तीच तारीख-वेळ जाऊन बसते. राहिला रंग. कॅमेऱ्याला आधी पांढरं काय ते दाखवायचं, मग तो बाकीचे रंग लावतो. व्हाइट बॅलन्स म्हणतात त्याला. फोकसनं कॅमेऱ्याला उशीचा फिकट निळा अभ्रा दाखवला. हेच पांढरं समज! झालं. सगळी खोली उबदार पिवळी, बाईच्या गालांवर लाली. त्याच उशीनं तिचा जीव घेतला होता, आणि हा गडी ते ओळखून होता.

पोलिसांनी फोटोची वेळ पाहिली. म्हणजे रविवारी अकराला बाई जिवंत होती. मालक तेव्हा परगावी. सुटला.

मंगळवारी तिची आई स्टुडिओत आली. "भाऊ, तुमच्या लेकराची शपथ घेऊन सांगा. रविवारचाच ना हा फोटो? शनिवारी रात्री ती फोन उचलत नव्हती हो..."

"कॅमेरा खोटं बोलत नाही, मावशी."

ती उंबऱ्यातच मटकन बसली. यानं चक्क शटर ओढायला घेतलं. मेल्याला लाज नाही वाटली.

त्या रात्री फोकस स्टुडिओतच थांबला, तो फोटो कायमचा पुसून टाकायला. उशीर झाला म्हणून बायकोनं फोन केला.

"अगं, हिचे गाल निळे पडतायत. लाल केले. परत निळे."

"कुणाचे?"

"परत निळे... माझी नखं बघ गं... नखं..."

मग फोन खाली पडला.

आणि फोनवर बाईचा आवाज. दमलेला.

"अकरा वाजले का?"

...

बायको धावत गेली. शटर आतून बंद. सकाळी लोकांनी तोडलं. फोकस खुर्चीत. थंडगार. ओठ काळेनिळे.

कॅमेरा टेबलावर होता. त्यात शेवटचा फोटो त्याचाच. त्याच खुर्चीत बसून हसतोय, गालांवर ऊन. मानेमागे फिकट निळी उशी. स्टुडिओत उशी नव्हती रे, कधीच नव्हती. आणि फोटोची वेळ... उद्या सकाळी अकरा.

बायकोनं तो कॅमेरा छातीशी धरला. "म्हणजे उद्या असतील ना हे? सांगा ना कुणीतरी! असतील ना?"

गर्दीतून ती म्हातारी आई पुढं आली. हिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कॅमेरा खोटं बोलत नाही, बाळा."

दुसऱ्या दिवशी अकराला फोकसची बायको त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन बसली. अजून रोज बसते. कॅमेऱ्यातला तो फोटो मी परवाच पाहिला. तारीख अजून उद्याचीच आहे.