शिबिरातली पिशवी

तानुबाईचं खुब्याचं ऑपरेशन झकास झालं. रक्ताची एक पिशवी चढवावी लागली, एवढंच. म्हातारी वॉकर धरून घरभर फिरू लागली, सुनेच्या फोडणीला नावं ठेवू लागली. म्हणजे तब्येत ठणठणीत! आणि मग तिचे डोळे पिवळे झाले.

काविळीचा विषाणू, बहुतेक त्या रक्तातूनच आला, डॉक्टर म्हणाले. दात्याची लागण अगदी ताजी असली की तपासणीतून निसटतो कधीकधी. "यकृत फार नाजूक झालंय. जपा त्यांना."

तिचा मुलगा हर्षल चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला हे पटलं. पटत नव्हतं ते दुसरंच. रोज दिवेलागणीला आई दाराकडे बोट दाखवायची.

"तो पाह्य, शेषराव उभा हाये. पानी मांगून राह्यला."

"कोन शेषराव, आई?"

"मले काय माहीत? तोच सांगते नाव. आत ये म्हनलं नाही म्या अजून."

आजारात माणूस बरळतं, हर्षलने स्वतःला बजावलं. पण जीव टांगणीला लागला तो लागलाच.

रक्तपेढीने दात्याचं नाव सांगितलं नाही. पिशवी धामणगाव बढ्याच्या शिबिरातली, एवढंच कळलं. दात्याची पुन्हा तपासणी करू म्हणाले, पण हर्षलला धीर कुठला? त्याने एसटी पकडली. स्टँडवरच फ्लेक्स होता: कै. शेषराव यांच्या पुण्यतिथीनिमित्त रक्तदान शिबिर. खाली पहिला रक्तदाता, त्यांचा मुलगा प्रेम, खाटेवर अंगठा उंचावून.

हर्षलने तिथेच प्रेमच्या घराचा पत्ता विचारला.

घरी प्रेमच्या आईने, सरस्वतीबाईंनी चहा ठेवला. प्रेम भर वैशाखात चादर पांघरून बसलेला. त्याचेही डोळे पिवळे. हर्षलने आईची हकीकत सांगितली.

"तवाच अंगात कसर होती, भाऊ. डॉक्टरनं इचारलं, म्या लपोलं. बापाच्या शिबिरात पोरगाच मांगं सरला असता, तं गावानं तोंडात शेन घातलं असतं." तो कसाबसा उठला. "चाला, तपासून घेतो. सदरा बदलतो."

तो आत गेला तशा सरस्वतीबाई हळूच म्हणाल्या, "प्रेमचे बाबा गेल्यावर रोज सांजीले दारात उभे राहत. पानी मांगत. एक दिवस पोरानं त्याइले आत घेतलं, तवापासून तो असा. शिबिर झालं अन् त्याइचं येनं बंद झालं. सुटलो बाप्पा!" आणि त्या पोराला बघायला आत गेल्या.

हर्षलचा फोन वाजला. आई होती.

"आज भरदुपारीच आला रे तो. संग एक पोरगं हाये, चादर पांघरलेलं."

हर्षलने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"तुह्यापुढचा चहा थंडा झाला म्हनते ते पोरगं."

चहावर साय धरली होती.

"आई, दार लाव! आत घेऊ नको त्याइले!"

"प्रेम, आटप ना बापा," आतल्या खोलीत सरस्वतीबाई म्हणत होत्या. मग त्यांचा आवाज थांबला.

"लेकरू हाये रे ते," आई म्हणाली. "उन्हात कसं उभं ठेवू?"

फोनमध्ये माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. एक पेला भरला. मग दुसरा.