खुशालरावांचे रोडगे

केटररची गाडी मारोतीच्या पारापाशी येऊन थांबली, तेव्हा पंचफुलाबाईंच्या हातातली गोवरी हातातच राहिली...

पहाटेपासून त्या रोडगे भाजायला गोवऱ्या रचत होत्या. दीर येणार होता. बार्शीटाकळीजवळच्या या गावात ज्याला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं, तो खुशाल आता अकोल्यात खुशालराव झाला होता. ठिबकच्या पाइपांचं मोठं दुकान, दारात तीन गाड्या, आणि देवासाठी एकही मोकळा रविवार नाही. बारा वर्षांचा असताना काविळीनं तो हातचा जायला निघाला, तेव्हा वहिनीनं नवस बोलला होता, "पोरगं वाचू दे, मारोतीराया. कमवायला लागलं की सोताच्या हातानं रोडगे भाजून तुले निवद दाखवील." नवस खुशालरावांना पाठ होता. दरवर्षी ते म्हणत, "पुढच्या साली नक्की, वयनी."

यंदा त्यांनी रोडग्यांऐवजी केटररची तीनशे ताटं पाठवली, सोबत स्वतःच्या फोटोचा फलक. फलक मारोतीपेक्षा दोन हात उंच भरला. मागून स्वतःही आले आणि पंगतीत वहिनीशेजारी बसले. त्यांच्या बायकोनं, आरतीनं, वहिनीच्या ताटापाशी वाढप्याला अडवलं, "त्यांना वांगं वाढू नका, चालत नाही."

समोरचे म्हातारे पुजारी वामनराव घास थांबवून म्हणाले, "चालत नाही कोन म्हन्ते? तुया दुखन्यात सोडलं तिनं वांगं, खुशाल. तू रोडगे भाजशील तवाच खाईन म्हने. एकतीस वर्सं झाली. अन् तेही वऱ्हाडात राहून, जेथं वांग्याबिगर पंगत होत नाही."

खुशालरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "वयनी, मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं त तू मायासाठी धावत आला असता," त्या शांतपणे म्हणाल्या. "जीव मारोतीनं वाचवला. त्याची आठवन तुले आपल्या मनानं यावी, येवढीच आस होती... वाट पाहून राहिली होती."

खुशालराव उठले. घड्याळ काढून आरतीकडे दिलं, परातीत कणीक घेतली आणि पाणी इतकं ओतलं की वामनरावांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांतलं त्यात पडलं ते वेगळंच.

"पीठ टाक अजून," पंचफुलाबाईंचाही आवाज भिजला होता. "रोडगे करून राहिला का लापशी?"

माणसं जेवून पांगली, केटररची गाडीही गेली; पंचफुलाबाई मात्र अजून जेवल्या नव्हत्या. खुशालराव धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी निखाऱ्यातले रोडगे उलटत उकिडवे बसले होते.

"भूक लागली असंल, वयनी?"

"लागू दे. घाई करू नको, आतून कच्चा राह्यते."

एकतीस वर्षं पंचफुलाबाईंनी कधी मोजली नव्हती... हा एक तास मात्र काही केल्या सरत नव्हता.