तिसरा तुकडा

संरक्षण संशोधन केंद्राच्या फाटकावर मोबाइल जमा करायची खिडकी आहे. तिथेच त्याच्या पिशवीचा बंद तुटला आणि डबा, छत्री, चष्म्याचं घर, सगळं तिच्या पायाशी येऊन पडलं.

"थांबा..." तिने पर्समधून सुईदोरा काढला आणि उभ्याउभ्या बंद शिवून दिला. आधी सरळ टीप, मग तिच्यावरून तिरकी. "घ्या. आता हत्ती टांगा."

"हत्ती आणायचा कुठून?" तो हसला. "आत काय काम करता तुम्ही?"

"सांगायचं नसतं. तुम्ही?"

"मीही नाही सांगणार."

झालं! त्या दिवसापासून संध्याकाळी दोघं त्या खिडकीपाशी भेटू लागली, अर्थात अगदी योगायोगाने. एका इमारतीतलं काम दुसऱ्या इमारतीत बोलायचं नाही, हा केंद्राचा दंडक. म्हणून दोघं बाकी सगळं बोलली. तो झोपेत बडबडतो, तिची आई दर रविवारी एक स्थळ आणते... देशाच्या सुरक्षेला जराही धक्का न लावता बरीच माहिती इकडची तिकडे गेली. 'तुम्ही'चं 'तू' झालं. फक्त एक गोष्ट दोघांच्याही ओठांवर येऊन परत जायची.

आणि आणखी एक तिने सांगितली नव्हती. ती पॅराशूटचं कापड बनवायची. तुकड्यावर नाव नाही, नुसता क्रमांक, आणि दुसऱ्या इमारतीत तो कोणीतरी ताणून बघायचं. त्याची भेट होण्याआधीच दोन तुकडे फाटले होते. "कोण कसाई बसलाय तिकडे!" ती चरफडायची. तिसरा फाटला की तिचं तीन वर्षांचं काम बंद. या खेपेला कडा तिने स्वतः शिवल्या.

शेवटच्या चाचणीला बनवणाऱ्यांना काचेपलीकडे बसवतात. ती बसली, समोर पाहिलं, आणि... अगं बाई! हाच कसाई?

त्याने तुकडा उचलला. कडेवरून फिरणारा अंगठा मध्येच थांबला. सरळ टीप, वरून तिरकी. त्याने खुर्चीला अडकवलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग काचेकडे. मशीनवरचा हात काढून घेतला.

"मॅडम, हा तुकडा मी ताणू शकत नाही."

"का? हात दुखतोय?" संचालिका मॅडमनी विचारलं.

"नियम आहे. जवळच्या माणसाचं काम तपासायचं नाही."

"जवळचं म्हणजे? कोण लागते ती तुमची?"

त्याचे कान लाल झाले. "ते... तिलाच विचारा. मी अजून विचारलेलं नाही."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. 'कोणी नाही' म्हटलं असतं, तर तुकडा त्याच्याच हातात राहिला असता. 'आहे' म्हटलं, तर शेजारच्या खोलीतले दुसरे तपासनीस, खडूस काका येणार. त्यांनी आजवर कुणाची गय केलेली नव्हती.

"आहे जवळचं," ती म्हणाली. "लिहून घ्या. आणि काकांना बोलवा."

काकांनी काटा लाल रेघेपर्यंत नेला, वर आणखी थोडा रेटला. कापड टिकलं. काका तोंड वाकडं करून निघून गेले.

संध्याकाळी खिडकीपाशी तो मान खाली घालून उभा होता. "आधीचे दोन मीच फाडले. कच्चे होते गं..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "रविवारी घरी ये. या वेळचं स्थळ आईने नाही, मी आणलंय."

"आणि आईंनी ताणून बघितलं तर?"

"बघणारच," ती हसली. "टिकून दाखव."